घर बांधायचंय? स्क्वेअर फुटाचा रेट नंतर विचारा, रेटमध्ये काय येत नाही ते आधी विचारा

आमच्या कराडच्या घराचं पहिलं बजेट एका ओळीचं होतं. १,०५० स्क्वेअर फूट गुणिले १,७५० रुपये, म्हणजे १८,३७,५००. वरखर्च धरून वीस लाख, असं मी घरच्यांना सांगून टाकलं आणि बँकेतही त्याच हिशोबाने गेलो. घर पूर्ण होऊन वास्तुशांत झाली तेव्हा एकूण ३०,५९,२०० रुपये गेले होते. कॉन्ट्रॅक्टरने फसवलं असं अजिबात नाही, माणूस चांगला होता, त्याने कबूल केलेलं काम केलं. चूक माझ्या त्या एका ओळीत होती, कारण रेट म्हणजे बजेट असं मी धरून चाललो होतो. हे सगळे आकडे ऑक्टोबर २०२१ ते फेब्रुवारी २०२३ मधले, आमच्या भागातले आहेत, तुमच्याकडे आज रेट वेगळा असणार, म्हणून आकड्यापेक्षा पद्धत बघा. पहिल्यांदाच घर बांधणाऱ्याला जे कोणीतरी आधी बसवून सांगायला हवं ते क्रमाने लिहितोय.

पायरी १ : पैसा किती आहे तिथून सुरू करा, घर किती मोठं पाहिजे तिथून नाही

बहुतेक जण आधी प्लॅन काढतात, मग खर्च विचारतात, मग पैसे गोळा करतात. उलटं करा. हातात रोख किती, पीएफ किंवा सोनं यातून नक्की किती निघेल, आणि ओढाताण न होता भरता येईल अशा हप्त्यात लोन किती बसेल, या तिन्हीची बेरीज मांडा आणि त्यातले १२ ते १५ टक्के लगेच बाजूला काढून वेगळ्या खात्यात टाका. ते घराचे पैसे नाहीत असंच समजायचं, त्याला शेवटपर्यंत हात लावायचा नाही. उरले त्यात घर बसवायचं.

लोनबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत कर्ज देता येतं, पण ही वरची मर्यादा आहे, तुम्हाला तेवढं मिळेलच असं नाही. आणि बांधकामाचं लोन एकरकमी मिळत नाही. आधी तुमचा हिस्सा घाला म्हणतात, मग जोतं (पायाच्या वर, फरशीच्या लेव्हलपर्यंतचं बांधकाम) झालं की एक हप्ता, स्लॅब झाला की एक, वीटकाम, गिलावा असं टप्प्याटप्प्याने. प्रत्येक वेळी बँकेचा इंजिनिअर येऊन बघून जातो, रिपोर्ट देतो, मग पैसे. आमच्याकडे यात दर वेळी आठ-दहा दिवस जायचे आणि कॉन्ट्रॅक्टरचा माणूस शनिवारी पगाराला उभा असायचा. म्हणजे निदान एका टप्प्याचे पैसे आपल्या खात्यात फिरते पाहिजेत, नाहीतर चांगलं चाललेलं काम पैशासाठी थांबतं आणि मजूर एकदा दुसऱ्या साइटवर गेले की परत आणणं सोपं नाही.

अजून एक, बांधकाम चालू असताना उचललेल्या रकमेवर व्याज चालू होतं. १० लाख उचलले असतील आणि व्याज साडेआठ टक्के असेल तर महिन्याला साधारण ७,१०० रुपये. सोबत भाड्याच्या घरात राहत असाल तर भाडं आहेच. काम चार महिने लांबलं तर हे दोन्ही चार महिने जास्त. बजेटच्या कागदावर ही ओळ कोणीच लिहीत नाही, तुम्ही लिहा.

पायरी २ : जागा खणून बघा

आमचा प्लॉट दोन गुंठ्यांचा, म्हणजे २,१७८ स्क्वेअर फूट (गुंठा १,०८९ चा), गावाच्या कडेला, पूर्वी तिथं शेत होतं. वरून सपाट सुंदर दिसायचा, पण माती काळी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर पाया ठेवता येत नाही, खाली मुरूम लागेपर्यंत जावं लागतं. कॉन्ट्रॅक्टरच्या रेटमध्ये खड्ड्याची खोली ठरलेली असते, बहुतेक पाच फूट, आणि त्याच्या खाली गेलं की फुटाप्रमाणे एक्स्ट्रा. म्हणून कॉन्ट्रॅक्टर ठरवायच्याही आधी जेसीबी बोलवून प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत खड्डा मारून घ्या, तासाभराचं काम आहे. मुरूम किती फुटावर लागतो ते आरसीसी डिझाइनरला (पाया, कॉलम, स्लॅबमध्ये सळई-काँक्रीट किती ते ठरवणारा इंजिनिअर) प्रत्यक्ष दाखवा. त्याला न दाखवता केलेलं डिझाइन एकतर कमी पडतं नाहीतर भीतीपोटी स्टील जास्त घातलं जातं, दोन्हीचा भुर्दंड आपल्यालाच.

दुसरं म्हणजे रस्त्याची लेव्हल. रेटमध्ये जोत्याची उंची दोन फूट धरलेली होती. आमचा प्लॉट रस्त्यापेक्षा खाली, आणि नगरपालिका पुढे रस्त्यावर अजून थर टाकणार हे सगळ्यांना माहीत, म्हणून जोतं चार फूट घ्यावं लागलं. जास्तीचे दोन फूट गुणिले १,०५० म्हणजे २,१०० घनफूट, १०० घनफुटाचा एक ब्रास, म्हणजे २१ ब्रास मुरूम, आणि पाणी मारून धुम्मस केल्यावर तो बसतो म्हणून पाव भाग जास्त धरून २६ ब्रास. वरून तेवढं जास्तीचं कॉलम, तेवढं जास्तीचं जोत्याचं बांधकाम. सगळं मिळून ९२,००० गेले, आणि हे घर सुरू झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात.

पायरी ३ : प्लॅन, आरसीसी ड्रॉइंग आणि परवानगी, या तिन्हीवर पैसे वाचवू नका

कॉन्ट्रॅक्टर म्हणतो प्लॅन मी फ्रीमध्ये देतो. नको. ज्याला बिल द्यायचंय त्याच्याकडूनच मोजमापाचा कागद घेऊ नये. आर्किटेक्ट आणि आरसीसी डिझाइनर आपला ठेवा, त्यांची फी आपण द्या, म्हणजे ते आपल्या बाजूने बोलतात. आरसीसी ड्रॉइंगसोबत सळईचा तक्ता मागून घ्या, कुठे किती एमएमची किती मीटर, त्यावरून स्टील किलोत निघतं.

स्वतःला ताळा करता यावा म्हणून दोन-तीन ठोकताळे लक्षात ठेवा. साध्या घराला स्क्वेअर फुटाला साधारण साडेतीन ते साडेचार किलो सळई आणि ०.४ ते ०.४५ बॅग सिमेंट लागतं. १,०५० फुटाला म्हणजे ३.७ ते ४.७ टन सळई आणि ४२० ते ४७५ बॅगा. काळ्या मातीत पाया खोल गेला की वरची बाजू धरा. हे काही एस्टिमेट नाही, पण कोणी सहा टन सांगितलं किंवा अडीच टनात बसवतो म्हणालं तर का, एवढं विचारायचं धाडस आपल्याला येतं.

परवानगीच्या वेळी विकास शुल्क, १ टक्का कामगार कल्याण उपकर, छाननी फी असं बरंच एकदम भरावं लागतं. आर्किटेक्टला सुरुवातीलाच याचा अंदाजी आकडा लिहून मागा. परवानगीशिवाय काम सुरू करून नंतर बघू असं म्हणणारे खूप भेटतील. बँक अशा कामाला हप्ता सोडत नाही आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्राला (घर पूर्ण झालं, राहायला हरकत नाही असा दाखला) अडतं, त्यामुळे हा मार्ग स्वस्त वाटला तरी घेऊ नका, मनापासून सांगतो.

पायरी ४ : मजुरीवर द्यायचं की मटेरियलसह

दोन पद्धती. मजुरीवर, म्हणजे कॉन्ट्रॅक्टर फक्त माणसं आणि सेंट्रिंग (काँक्रीट ओतायला लागणारे साचे आणि टेकू) आणतो, सिमेंट, सळई, वीट, खडी, क्रश सँड सगळं आपण आणायचं. किंवा मटेरियलसह, म्हणजे फुटाला एकच रेट आणि किल्ली हातात. मजुरीवर दिलं तर पैसे वाचतात हे खरं, पण घरचं एक माणूस रोज सकाळी आठ ते संध्याकाळी सहा साइटवर पाहिजे, मिस्त्री दुपारी दोनला फोन करून म्हणणार की चार वाजता सिमेंट संपतंय. मी पुण्यात नोकरीला, महिन्यातून दोनदा जाणार, म्हणून आम्ही मटेरियलसह दिलं. आप्पा (वडील) गावात असूनही दिलं, कारण बघणं वेगळं आणि सगळा माल आणून पुरवणं वेगळं, सत्तरीच्या माणसाला ती धावपळ नको.

टॅक्सचा फरकही इथेच येतो. स्वतःच्या एकट्या घराच्या निव्वळ मजुरीच्या कामावर जीएसटी लागत नाही. मटेरियलसह काम असेल आणि कॉन्ट्रॅक्टर जीएसटीमध्ये नोंदलेला असेल तर १८ टक्के. २० लाखांवर ३,६०,००० होतात, तेव्हा सांगितलेला रेट जीएसटी धरून आहे की वरून, हे पहिल्याच भेटीत विचारा. सिमेंटवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, त्यामुळे जुन्या कोटेशनवर बोलणी चालू असतील तर ती परत करून घ्या.

पायरी ५ : तीन कोटेशन, पण एकाच कागदावर

तिघांना तोंडी विचारलं तर एक १,६५० सांगतो, एक १,७५०, एक १,९००, आणि आपण मधला धरतो. मीही तेच केलं. १,९०० वाल्याने पाण्याची टाकी आणि कंपाउंड धरलं होतं हे मला वर्षभराने कळलं! म्हणून आधी आपला कागद तयार करा, सिमेंट कुठलं, सळई एफई ५००डी (ही सळईच्या ताकदीची प्रत) आणि कुठल्या कंपनीची, बाहेरची भिंत ६ इंची की ९ इंची, वीट की एएसी ब्लॉक (हलके सिमेंटचे ठोकळे), आतून गिलाव्यावर पुट्टी की पीओपी, बाहेर दोन थर गिलावा, टाइल्सचा बेसिक रेट (म्हणजे कॉन्ट्रॅक्टरने आपल्या रेटमध्ये धरलेला टाइलचा भाव) किती रुपये फूट, इलेक्ट्रिकचे पॉइंट किती, नळ कुठल्या कंपनीचे, मुख्य दरवाजा सागवानी की नाही, खिडकी ॲल्युमिनियम टू ट्रॅक की थ्री ट्रॅक, ग्रिल आहे का, किचन ओटा किती फूट, गच्चीला कोबा आणि वॉटरप्रूफिंग कोणतं, आणि हा कागद तिघांना द्या. मग येणारे रेट एकमेकांशेजारी ठेवता येतात.

आता सगळ्यात महागात पडलेली गोष्ट, म्हणजे फूट कसा मोजायचा. स्लॅब उतरल्यावर कॉन्ट्रॅक्टरने बिल दिलं ते १,२१० फुटाचं. माझ्या डोक्यात १,०५०. मी शनिवारी रात्रीच्या गाडीने गेलो, रविवारी सकाळी मी, आप्पा आणि कॉन्ट्रॅक्टर तिघं टेप घेऊन गच्चीवर चढलो. टेपचं एक टोक आप्पांच्या हातात, दुसरं त्याच्या, मी वहीत लिहितोय. जिन्यावरची खोली ७० फूट, पोर्च ६० फूट, सगळे छज्जे निम्म्याने धरून ३० फूट. बेरीज १६०. तो अगदी शांतपणे म्हणाला, "साहेब, स्लॅब जिथं पडला तिथं फूट मोजायचा, आपल्याकडं हीच पद्धत हाय. आप्पांना माहितीय." आप्पांनी मान हलवली. खरंच पद्धत तीच आहे. १६० गुणिले १,७५० म्हणजे २,८०,००० रुपये, आणि माझ्याकडे भांडायला कागदच नव्हता, कारण करारात नुसतं "स्क्वेअर फूट" लिहिलेलं.

तर करारात हे वाक्य हवंच, की मोजणी कशाची, बिल्टअपची (भिंतींसकट घराची) की स्लॅबची, पोर्च पूर्ण की अर्धा, छज्जा धरायचा की नाही, जिन्याची खोली कशी, पॅरापेट (गच्चीचा कठडा) रेटमध्ये आहे का. आणि प्लॅनवरून त्या पद्धतीने येणारा आकडा कामाआधीच दोघांनी सही करून लिहून ठेवायचा. तोच तुमचा खरा एरिया, बजेटचा गुणाकार त्याच्याशी करा.

पायरी ६ : करार आणि पैसे द्यायचे टप्पे

करार स्टॅम्पपेपरवर करा, ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात १०० चा स्टॅम्प चालत नाही, कमीत कमी ५०० चा लागतो. आपल्या रकमेला किती लागेल ते वकिलांना विचारा. प्लॅन, आरसीसी ड्रॉइंग आणि वरचा तो मटेरियलचा कागद कराराला जोडून प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या.

पैशांचा नियम एकच, काम पुढे आणि पैसा मागे. मी आता कोणी विचारलं तर असे टप्पे सांगतो. करारावेळी ५ टक्के, जोतं पूर्ण झाल्यावर २०, स्लॅब पडल्यावर २५, वीटकाम झाल्यावर १५, आतला-बाहेरचा गिलावा झाल्यावर १५, फरशी-प्लंबिंग-वायरिंग झाल्यावर १०, रंग झाल्यावर ५, आणि शेवटचे ५ टक्के पहिला पावसाळा गेल्यावर. २० लाखांच्या कामात ५ टक्के म्हणजे एक लाख, एवढी रक्कम अडकलेली असेल तर फोन उचलला जातो. बँकेचे हप्ते आणि हे टप्पे जुळवून घ्या. "साहेब सिमेंट स्वस्त मिळतंय, दोन लाख ॲडव्हान्स द्या" असं मध्येच येणारच, नाही म्हणा, किंवा दुकानदाराला थेट चेक द्या आणि पुढच्या टप्प्यातून वजा करा. सगळं बँकेतून द्या. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं तसंही कायद्यात बसत नाही.

भाववाढीचं कलम आमच्या करारात नव्हतं. आमचा स्लॅब एप्रिल २०२२ मध्ये, युक्रेनच्या युद्धानंतर सळई नेमकी चढलेली. कॉन्ट्रॅक्टरने तीन आठवडे काम थांबवलं. त्याचंही खरं होतं, सळई किलोला १५ रुपयांनी वाढली होती आणि स्लॅब-बीमला २.२ टन लागणार होती, म्हणजे ३३,००० चा खड्डा एकट्याने कसा सोसायचा. शेवटी निम्मं निम्मं केलं, १६,५०० मी दिले. पुढे मे मध्ये केंद्र सरकारने स्टीलच्या निर्यातीवर ड्युटी लावली आणि भाव उतरले, पण तोवर स्लॅब पडला होता. तुम्ही करारात आजचा सिमेंटचा आणि सळईचा भाव लिहा, आणि ५ टक्क्यांपेक्षा जास्त वर किंवा खाली गेला तर फरक कोणी द्यायचा ते लिहा. खाली गेला तर आपल्याला परत, हेसुद्धा.

पायरी ७ : काम चालू असताना बजेट सांभाळायचं ते वहीत

आप्पांनी एक लांबट जाबदा वही केली होती. रोज संध्याकाळी तारीख, गवंडी किती, बिगारी किती, माल काय आला, पाणी मारलं का. आम्ही मजुरीवर दिलं नव्हतं तरी लिहायचे. एकदा मुरमाची ट्रॉली आली, ड्रायव्हर म्हणाला एक ब्रास. जास्तीचा मुरूम आमच्या खर्चाने होता म्हणून आप्पांनी ट्रॉलीला टेप लावली. साडेनऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद, पावणेदोन फूट उंच. गुणाकार ९१ घनफूट. शंभरातले नऊ कमी, प्रत्येक ट्रॉलीला. त्या दिवसापासून ट्रॉली मोजूनच घेतली आणि पैसे घनफुटावर दिले. सळई मजुरीच्या पद्धतीत तुम्ही आणत असाल तर काट्याची पावती घ्याच, आणि ताळ्यासाठी सूत्र सोपं आहे, व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरला किलो. १२ एमएमची १२ मीटरची एक सळई साधारण १०.६६ किलो भरली पाहिजे.

स्लॅबच्या दिवशी घरचं माणूस पहाटेपासून साइटवर असू द्या. ५ इंची स्लॅब १,१०० फूट धरला तर ४५८ घनफूट, म्हणजे १३ घनमीटर. एम-२० (काँक्रीटच्या ताकदीची प्रत) काँक्रीटला घनमीटरला साधारण ८ बॅगा, म्हणजे १०४ बॅगा नुसत्या स्लॅबला, बीम वेगळे. संध्याकाळी रिकाम्या बॅगा मोजा. आप्पांनी दहा-दहाच्या गठ्ठ्या बांधून भिंतीला लावल्या होत्या. मजुरांना जेवण आणि बक्षीस आपल्याकडून असतं, ते आनंदाने करा, आमच्याकडे आईने मसालेभात आणि शिरा केला होता, पण बजेटमध्ये त्याची ओळ असू द्या, पाच-सात हजार जातात. त्यानंतर पाणी. गच्चीवर वाफे करून किमान दहा दिवस पाणी उभं राहिलं पाहिजे, आणि आमचा स्लॅब ऐन उन्हाळ्यात असल्याने टँकर लागले. पाणी कोणी पुरवायचं हे करारात नसेल तर ते तुमचं, हे गृहीत धरा.

बदल. बजेट फोडणारा सगळ्यात मोठा शत्रू हाच आहे. "इथं अजून एक खिडकी घेऊया", "ही भिंत दोन फूट सरकवूया", "देवघराला कमान करूया." पाहुणे येतात, सल्ला देतात, जातात, आणि फोडतोड आपण भरतो. वीटकाम सुरू व्हायच्या आधी जमिनीवर चुन्याने खोल्या आखून घ्या, घरातल्या सगळ्यांना, विशेषतः स्वयंपाकघर रोज वापरणाऱ्यांना, त्यात उभं करा, कपाट कुठं, फ्रिज कुठं, पलंग कुठं. आईने आखलेल्या चौकोनात उभं राहून सांगितलं की ओट्यासमोर खिडकी नसेल तर मला अंधारात भाकरी थापावी लागेल, आणि ती खिडकी फुकटात सरकली, कारण अजून वीट लागली नव्हती. त्यानंतरचा प्रत्येक बदल एक्स्ट्राच्या वहीत, काय, किती रुपये, दोघांची सही, मगच काम. "बघू शेवटी हिशोबात" हे वाक्य दोन्ही बाजूंनी बंद करा.

हंगामाचाही खर्चाशी संबंध आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू करून पावसाच्या आधी स्लॅब आणि बाहेरचा गिलावा उरकता आला तर उत्तम. पावसात वीटभट्ट्या बंद, वीट महाग आणि ओली. होळीला, गावच्या जत्रेला मजूर जातात ते आठ दिवस सांगून पंधरा दिवसांनी येतात, ते कॅलेंडरवर आधीच धरा.

पायरी ८ : फिनिशिंग

भिंती उभ्या राहिल्या की अर्धं घर झालं असं वाटतं, पैशाच्या बाबतीत तसं नसतं. आमच्या करारात टाइल्सचा बेसिक रेट ४५ रुपये. दुकानात गेल्यावर ४५ च्या टाइल्स एका कोपऱ्यात असतात आणि डोळे ७० च्यावर जातात. फुटाला २५ चा फरक म्हणजे हजार फुटाला २५,०००, आणि स्कर्टिंग, बाथरूमच्या भिंती, तुटफूट वेगळी. इलेक्ट्रिकचे पॉइंट मोजायला मी विसरलो होतो, करारात प्रत्येक खोलीला ठरावीक होते, एसी, इन्व्हर्टर, वायफाय, सीसीटीव्ही, गेटवरचा दिवा यातलं काहीच नव्हतं. एक सोपं काम करा, करार करायच्या आधी एक दिवस दुकानांत फिरून तुम्हाला खरोखर आवडणारी टाइल, नळ, दरवाजा यांचे भाव लिहून आणा आणि तोच बेसिक रेट करारात टाका. रेट थोडा वाढेल, पण नंतरचं दुखणं जाईल.

पायरी ९ : रेटच्या बाहेरची यादी

आमची जशीच्या तशी देतो, प्रत्येकाने स्वतःची अशी करावी. कॉन्ट्रॅक्टरचं बिल १,२१० गुणिले १,७५०, म्हणजे २१,१७,५००. त्याच्या बाहेर:

जोतं आणि मुरूम ९२,०००
कंपाउंड १३२ फूट, १,१०० रुपये रनिंग फुटाने, १,४५,२०० (चौथी बाजू शेजाऱ्यांची आधीच होती)
गेट ३८,०००
बोअर आणि मोटर ९५,०००
जमिनीतली टाकी आणि सेप्टिक टँक १,१०,०००
परवानगी, आर्किटेक्ट, आरसीसी ८५,०००
किचन ट्रॉली आणि कपाटं २,१०,०००
टाइल्स आणि वायरिंगचा फरक ९०,०००
सळईचा निम्मा फरक १६,५००
वास्तुशांत आणि जेवण ६०,०००

बेरीज ९,४१,७००. यात लोनचं व्याज, पुण्याहून येण्याजाण्याचा खर्च, पडदे-पंखे धरलेलेच नाहीत. म्हणजे पहिल्या गुणाकारात १०० रुपये असतील तर शेवटी आमचे १६६ झाले. यातलं बोअर टाळता आलं असतं का, कपाटं वर्षभराने करता आली असती का, हो, आली असती, आणि हात आखडता असेल तर तसंच करा. पाया, स्लॅब, वॉटरप्रूफिंग आणि भिंतीतली पाइप-वायर यात काटकसर करू नका, ते परत फोडून करता येत नाही. कपाट, गेट, कंपाउंडचा गिलावा, बाहेरचा भारी रंग, पीओपीचं सिलिंग हे सगळं थांबू शकतं. आमच्या शेजारच्यांनी दोन वर्षं पत्र्याचं गेट ठेवलं आणि नंतर बोनस आला तेव्हा चांगलं केलं, काही बिघडलं नाही.

पायरी १० : शेवटचं बिल

रंग झाला, वास्तुशांतीची तारीख काढली, पाहुण्यांना फोन गेले की घाई आपल्याला असते आणि याच वेळी शेवटचं बिल येतं. तारीख काढायच्या आधी अंतिम मोजणी, एक्स्ट्राची वही आणि दिलेल्या पैशांचं बँक स्टेटमेंट घेऊन एकदा बसा. सगळे नळ एकदम सोडा, बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून उतार बघा, प्रत्येक पॉइंटला टेस्टर लावा, गच्चीवर ट्रॅप (पाणी निघून जायचं तोंड) बंद करून दोन दिवस पाणी साठवा. जे निघेल त्याची यादी त्याच कागदावर. वायरिंग आणि पाइप भिंतीत कुठून गेलेत त्याचे फोटो गिलाव्याआधी काढलेले असतील तर ते एका फोल्डरमध्ये जपून ठेवा, आमचे आहेत, पडद्याचा रॉड लावतानाही उपयोगी पडले.

भोगवटा प्रमाणपत्र आर्किटेक्टकडून काढून घ्या, मग घरपट्टीला नोंद, आणि बांधकामासाठी घेतलेलं तात्पुरतं वीज कनेक्शन घरगुतीत बदलून घ्या, तात्पुरत्याचा दर जास्त असतो आणि तो आपल्या लक्षात न येता चालूच राहतो.

राहिलेले ५ टक्के पावसाळ्यापर्यंत. आमच्याकडे जुलै २०२३ मध्ये जिन्याच्या खोलीच्या कोपऱ्यात ओल आली. आप्पांनी फोन केला, दुसऱ्या दिवशी दोन माणसं आली, कोपरा फोडून जाळी मारून परत वॉटरप्रूफिंग केलं. पुढच्या दोन मोठ्या पावसांत कोरडं राहिलं तेव्हा आप्पांनी कॉन्ट्रॅक्टरला घरी बोलवून चहा दिला, चेक दिला, आणि वहीच्या शेवटच्या पानावर "पूर्ण हिशोब मिटला" लिहून त्याची सही घेतली.